कॅप्टन थॉमस हडनर यांना अनावृत पत्र

आदरणीय कॅप्टन हडनर,
सादर नमस्कार.

२०१७ साली तुम्ही गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, तरी आभार मानायचे राहू नयेत म्हणून लिहितो आहे. सह्याद्रीत अपघात झाला की दोर घेऊन दरीत उतरणाऱ्या स्वयंसेवकांपैकी मी एक. पुष्कळदा पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. अशाच एका मुलाजवळ मी शेवटपर्यंत बसून होतो. नंतर दोराला हात लावावासा वाटेना. त्या दिवसांत तुमची, अमेरिकन नौदलाच्या एका वैमानिकाची, हकिगत वाचली.

४ डिसेंबर १९५०, कोरियन युद्धाचे दिवस, तिथल्या चोसिन जलाशयाचा परिसर. ‘लेटे’ या विमानवाहू नौकेवरून तुम्ही सहा जण कोर्सेअर ही लढाऊ विमानं घेऊन निघाला होतात. तुमच्यातल्या जेसी ब्राउन यांचं विमान बर्फाळ डोंगरावर कोसळलं. सगळा मुलूख चिनी फौजांच्या ताब्यात. जेसी म्हणजे मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या घरातला मुलगा, अमेरिकन नौदलाचं वैमानिक प्रशिक्षण पूर्ण करणारा पहिला कृष्णवर्णीय. त्यांनी हात हलवलेला वरून दिसला, पण ते बाहेर येईनात आणि इंजिनातून धूर निघत होता. तुम्ही आपलं धडधाकट विमान चाकं न उघडता पोटावर त्यांच्याजवळ उतरवलंत.

पुढचं वाचताना माझं लक्ष तुमच्या हातांवरच होतं. धुमसत्या इंजिनावर तुम्ही हातांनी बर्फ टाकत होतात. लोकरी टोपी जेसींच्या डोक्यावर चढवलीत, मफलर त्यांच्या गारठलेल्या हातांना गुंडाळलात. रेडिओवरून कुऱ्हाड मागवलीत. चार्ल्स वॉर्ड हेलिकॉप्टर घेऊन आले, दोघांनी घाव घातले, पण चेपलेल्या सांगाड्यात अडकलेला पाय काही सुटेना. पाय कापून मला काढा, असंही जेसींनी सांगितलं. अंधार पडत चालला होता आणि ते हेलिकॉप्टर रात्री उडू शकत नव्हतं. जेसींची शुद्ध हरपली होती. तुम्हाला निघावं लागलं. तेव्हा जिवाचं काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

१९५१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तुम्हाला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. माझं मन मात्र त्या समारंभाला आलेल्या जेसींच्या पत्नी डेझी ब्राउन यांच्याकडे जातं. जेसींनी शेवटी त्यांच्यासाठीच प्रेमाचा निरोप दिला होता. त्यांच्याशी जुळलेला स्नेह तुम्ही आयुष्यभर जपलात. १९७३ साली बॉस्टनमध्ये जेसींच्या नावाची युद्धनौका सेवेत दाखल झाली, तेव्हाही तुम्ही तिथे होतात. आणि २०१३ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचे अवशेष शोधायला थेट उत्तर कोरियात गेलात! पावसाने वाट अडवली, रिकाम्या हाताने परतावं लागलं. पण गेलात.

हे वाचल्यावर मी त्या मुलाच्या घरी गेलो. तोवर धीर होत नव्हता. त्याच्या आईने बारीकसारीक सगळं विचारलं. त्याला थंडी वाजत होती का, पाणी मागितलं का, कुणाचं नाव घेतलं का. मी जसं होतं तसं सांगितलं. आजही त्या घरी माझं जाणं-येणं आहे, आणि पावसाळ्यात फोन आला की मी पुन्हा निघतो. जीव वाचला नाही तरी आपलं काम तिथे संपत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. त्यासाठी तुमचे मनापासून आभार.

आपला कृतज्ञ,
सह्याद्रीतला एक बचाव स्वयंसेवक