शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी ऑपेरा गायिका जेसी नॉर्मन यांचे ३० सप्टेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ७४ व्या वर्षी निधन झाले. मी वाचते त्या मराठी वृत्तपत्रांत ही बातमी मला चार-सहा ओळींपलीकडे आढळली नाही. ऑपेरा म्हणजे परक्यांचे, न कळणाऱ्या भाषेतले, चढ्या आवाजातले गाणे, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि बातमी आटोपती होण्यामागे तीच असावी. पण ऑपेरा म्हणजे मुळात वाद्यवृंदाच्या साथीने गाऊन केलेले नाटकच. ज्या समाजाने दीड शतक संगीत नाटक जिवापाड जपले, त्या समाजाला ही बाई परकी वाटू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील संगीत नाटकांच्या साथीला ऑर्गन वाजवत. १९८७ साली मुंबईला गेले असताना काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’मधून मी नॉर्मन यांची एक कॅसेट आणली. त्यात जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउस यांची ‘चार अखेरची गाणी’ होती. आमच्या घरात तोवर असले संगीत कधी वाजले नव्हते. वडील बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, ते उठून आत आले, कॅसेटची बाजू संपेपर्यंत उभेच राहिले आणि म्हणाले, “ही पिटातल्या शेवटच्या माणसासाठी गाते आहे.” त्यांना जर्मनचा एक शब्दही कळत नव्हता. पण ध्वनिक्षेपकाशिवाय, नुसत्या गळ्याच्या फेकीवर नाट्यगृह भरून टाकणारे नट त्यांनी तरुणपणी पाहिले होते आणि आवाज टाकण्याची ती रीत त्यांनी तत्काळ ओळखली.

ऑपेरात आजही मुळात ध्वनिक्षेपक नसतो. साठ-सत्तर वाद्यांच्या वाद्यवृंदावरून एकट्या माणसाचा गळा सभागृहाच्या टोकाशी जातो तो केवळ जोराने ओरडल्यामुळे नव्हे. वाद्यवृंदाचा नाद साधारण ५०० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास सर्वात दाट असतो आणि त्यावरच्या कंपनसंख्यांना उतरत जातो. तयार गळ्यात, विशेषतः पुरुषांच्या आणि ढाल्या स्त्रीआवाजांत, सुमारे ३००० हर्ट्झजवळ नादाचा एक वेगळा पुंज उभा राहतो, म्हणजे जिथे वाद्ये विरळ होतात तिथेच गळा चमकतो. तारसप्तकात मात्र स्त्रीआवाजाला तोंडाची ठेवण स्वरानुसार बदलावी लागते आणि त्यात शब्दाचा आकार पुसट होतो. ऑपेरातले शब्द कळत नाहीत ही तक्रार तिथूनच येते, आणि ती खोटी नाही. नॉर्मन यांची थोरवी अशी, की एवढा मोठा, खर्जात जणू वेगळीच गायिका बोलते आहे असे वाटायला लावणारा आवाज असूनही त्यांनी शब्द सोडला नाही. जर्मन आणि फ्रेंच गाण्यांतली त्यांची व्यंजने ऐकताना, पदातला शब्द चावून गिळणाऱ्याला पूर्वी जी बोलणी बसत, ती आठवतात.

त्या जन्मल्या १५ सप्टेंबर १९४५ रोजी, जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे, जिथे त्या काळी काळ्यांची शाळा वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी होती. आई शिक्षिका, वडील विमा विक्रेते. गाणे आले ते चर्चमधून आणि रेडिओवरून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे शनिवारचे थेट प्रक्षेपण ही मुलगी घरकाम करता करता ऐकत असे. मेरियन अँडरसन या ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायिकेचा आवाज त्यांनी लहानपणीच ध्वनिमुद्रिकांतून ऐकला होता. वॉशिंग्टनमधील एका सभागृहाने वर्णभेदापायी दार बंद केले म्हणून १९३९ साली लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायल्या, त्याच या अँडरसन. मेट्रोपॉलिटनच्या रंगमंचावर पाऊल ठेवायला त्यांना १९५५ साल उजाडले. जेसी सोळाव्या वर्षी फिलाडेल्फियात अँडरसन यांच्याच नावाच्या स्पर्धेत उतरल्या. बक्षीस मिळाले नाही, पण त्याच प्रवासातून हॉवर्ड विद्यापीठाचे दार उघडले आणि पूर्ण शिष्यवृत्तीवर त्यांचे शिक्षण झाले.

१९६८ साली त्यांनी म्युनिकची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि १९६९ साली बर्लिनच्या ऑपेरागृहात वाग्नर यांच्या ‘टानहॉयझर’मधील एलिझाबेथच्या भूमिकेतून रंगमंचावर पदार्पण केले. पुढच्या तीन-चार वर्षांत मिलान आणि लंडन येथील मोठी व्यासपीठे मिळाली. आणि मग ज्या वयात कलावंत मिळेल ती भूमिका घेत सुटतो त्या वयात, १९७५ ते १९८० पर्यंत, त्या ऑपेराच्या रंगमंचापासून दूर राहिल्या. गळा पुरता पिकू द्यायचा होता. दरम्यान मैफलींतून गात राहिल्या आणि १९८० साली हॅम्बुर्गमध्ये स्ट्राउस यांच्या ‘आरियाडने’तून परतल्या. मागणी असताना थांबणे किती कठीण आहे हे ज्यांनी नाटक कंपनीचे दौरे पाहिले आहेत त्यांना सांगावे लागणार नाही. नॉर्मन यांच्या चरित्रातली मला सर्वात आदरणीय वाटणारी गोष्ट हीच आहे.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी मेट्रोपॉलिटनच्या शताब्दी हंगामाच्या पहिल्याच रात्री बर्लिओझ यांच्या ‘ले त्रोयां’मध्ये त्या कॅसांड्रा म्हणून उभ्या राहिल्या. ट्रॉयचा विनाश जिला आधीच दिसतो आणि जिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ती ही स्त्री. शनिवारी रेडिओला कान लावून बसणारी ऑगस्टाची मुलगी अखेर त्या प्रक्षेपणाच्या उगमाशी पोहोचली होती.

ज्यांनी ऑपेरा कधीच ऐकला नाही त्यांनी सुरुवात ऑपेराने करूच नये, असे मला वाटते. आधी नॉर्मन यांनी गायलेले शुबर्ट यांचे ‘एर्लक्योनिग’ ऐकावे. गटेच्या कवितेवरचे हे चार मिनिटांचे गाणे आहे. रात्री वाऱ्यातून घोडा दौडतो आहे, बापाच्या कवेत आजारी मुलगा आहे आणि मुलाला मृत्यूच्या राजाची हाक ऐकू येते, जी बापाला ऐकू येत नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा अशी चारही पात्रे एकाच गळ्यातून येतात. बापाच्या वेळी आवाज खाली छातीत उतरतो, मुलाच्या वेळी पातळ होऊन थरथरतो आणि राजाच्या वेळी इतका गोड होतो की अंगावर काटा येतो. चित्रफितीत त्या जागच्या हलतही नाहीत, फक्त डोळे बदलतात. कीर्तनाच्या आख्यानात एकच बुवा चार माणसे उभी करतो हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. या गाण्याला आपल्याकडचा श्रोता दुभाष्याविना दाद देईल.

त्यानंतर पर्सेल यांच्या ‘डायडो’चा विलाप ऐकावा. खाली मंद्रात एकच उतरती सुरावट पुन्हा पुन्हा फिरत राहते, लेहरा धरावा तशी, आणि तिच्यावर मरणाच्या दारातली राणी ‘मला विसरू नकोस, माझे प्राक्तन मात्र विसर’ असे विनवते.

१४ जुलै १९८९ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, पॅरिसच्या प्लास द ला कॉन्कॉर्द या चौकात, तिरंगी फ्रेंच ध्वज अंगाभोवती लपेटल्यासारख्या पायघोळ वेशात त्यांनी ‘ला मार्सेयेज’ म्हटले. ज्या देशात जन्म झाला तिथे बालपणी बसायच्या जागाही वाटून दिलेल्या होत्या आणि दुसऱ्या एका देशाने आपले राष्ट्रगीत गायला त्यांनाच बोलावले. तरीही केवळ ‘कृष्णवर्णीय गायिका’ एवढीच त्यांची ओळख करून देणे मला अन्यायाचे वाटते. त्या वारशाचा त्यांना अभिमान होता, गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीते त्या शेवटपर्यंत गात राहिल्या, परंतु वाग्नर, स्ट्राउस, बर्लिओझ हेही त्यांनी तितक्याच हक्काने आपले मानले.

गावाचे ऋण त्यांनी गावातच फेडले. २००३ साली ऑगस्टा येथे त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली आणि तिथे परिस्थितीने गांजलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर संगीत, नृत्य, नाट्य विनाशुल्क शिकवले जाते. २०१५ साली त्यांच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीनेच अखेर त्यांना नेले. त्या गेल्या त्या रात्री मेट्रोपॉलिटनने ‘पोर्गी अँड बेस’चा प्रयोग त्यांना अर्पण केला.

बातमी कळल्यावर मी ती जुनी कॅसेट काढली. फीत आता मध्येच घासते. स्ट्राउस यांनी ही गाणी १९४८ साली, ८४ व्या वर्षी लिहिली आणि ती जाहीरपणे गायली जाण्याआधीच ते गेले. शेवटचे गाणे सांजवेळेचे आहे. आयुष्यभर हातात हात घालून चाललेले दोघे थकून थांबतात, आकाशात दोन चंडोल वर जातात. नॉर्मन हे गाणे इतके संथ घेतात की ते जवळजवळ दहा मिनिटे चालते आणि त्यांचा दमसास कुठे संपतो हे कळत नाही. अखेरच्या ओळीत ‘हाच तर मृत्यू नसेल?’ असा प्रश्न येतो. त्यावर त्या आवाज चढवत नाहीत, जवळच्या माणसाला विचारावे तसे हळूच विचारतात आणि गप्प होतात. मग बराच वेळ केवळ वाद्ये वाजत राहतात आणि त्यांत बासऱ्यांचे चंडोल. वडील त्या दिवशी याच जागी उभे राहून ऐकत होते. मीही उभी राहूनच ऐकले.

आपली नियमित वाचक,
सांगली