थंड की गरम? टायरमधल्या हवेच्या सेवेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्पोर्ट्स कारच्या टायरमधली हवा रस्त्यासाठी आणि ट्रॅकसाठी चुकीची ठेवल्याबद्दल, तसेच आपल्या लेखी खुलाशातील चुकांबद्दल

महोदय,

एप्रिल महिन्यात आपल्या पुण्यातील वर्कशॉपमध्ये गाडीची सर्व्हिस झाली. त्याच महिन्यात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या कार शर्यतींच्या ट्रॅकवर आपल्या टीमने 'ट्रॅक डे पॅकेज'मध्ये गाडीची देखभाल केली. दोन्ही वेळा टायरमधल्या हवेचं काम चुकलं आणि दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आपल्या जॉबकार्डवर 'टायर प्रेशर'पुढे नुसता आकडा लिहायला जागा आहे. तो थंड टायरचा की गरम टायरचा, हे लिहायची सोयच नाही. हा एक शब्द नसेल तर त्या आकड्यावरून कोणालाच काही कळत नाही.

आधी वर्कशॉपचं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) छापलेलं आहे. हे आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजायचे. गाडी भर दुपारी शहरातून अठरा किलोमीटर चालून आपल्याकडे आली. तेव्हा डॅशबोर्डवर पुढे ३७ आणि मागे ४० दिसत होते, आणि ते बरोबर होते. आपल्या माणसाने 'हवा जास्त आहे' म्हणून तिथल्या तिथे ती ३३ आणि ३६ वर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी २४ अंशांना त्याच टायरमध्ये मोजली तर २९ आणि ३२ निघाली. चारही टायर ४ पीएसआयने कमी. गरम टायरमधून हवा काढून स्टिकरचा आकडा गाठायचा नाही, हा नियम हवा भरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असला पाहिजे. टायर गरम असताना तपासायची वेळ आलीच, तर कमी असेल तेवढी भरावी, जास्त दिसली तर हात लावू नये आणि कार्डवर 'गरम' असं लिहावं.

ट्रॅकवर याच्या नेमकी उलट चूक झाली. सकाळी सातला २८ अंशांना, टायर थंड असताना, आपल्या टीमने 'ट्रॅकवर जोर जास्त येतो' म्हणून पुढे ३६ आणि मागे ३८ हवा मारली. चार जोरदार लॅप्सनंतर, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांनंतर, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाडी थांबवायच्या जागेत) पुढे ४५ आणि मागे ४७ आली. हे अनपेक्षित नव्हतं. बंद टायरमधल्या हवेचा एकूण दाब निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंश अधिक २७३) प्रमाणात वाढतो. गेजवरच्या (दाबमापकावरच्या) ३६ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवले की ५०.७ होतात. आतली हवा २८ वरून ८१ अंशांवर गेली की त्याचे ५९.६ होतात, म्हणजे गेजवर जवळपास ४५. गरम असताना ३६ हवी असेल तर हाच हिशेब उलटा करायचा : थंड टायरमध्ये साधारण २८ ठेवायला हवी होती. रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट टायरसाठी गरम ३४ ते ३८ ही सुरुवात म्हणून योग्य पट्टी आहे. टायर कंपनीने ट्रॅकसाठी किमान प्रेशर दिलं असेल तर त्याच्या खाली जायचं नाही, हे आलंच.

४५ वर काय होतं, ते टायर बघूनच कळत होतं. बारा लॅप्स झाल्यावरही पुढच्या डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेला नव्या रबराचे बारीक केस तसेच उभे होते, आणि मधला पट्टा मात्र घासून चकाकत होता. पिटमध्ये येताच सुईच्या तापमापकाने घेतलेली नोंद : आतली कड ८६, मध्य ९६, बाहेरची कड ८३ अंश. कॅम्बरमुळे (चाकाच्या आतल्या बाजूला असलेल्या कलामुळे) आतली कड थोडी जास्त तापते, ते ठीक आहे. पण मध्य दोन्ही कडांपेक्षा इतका तापतो तेव्हा टायर मधोमध फुगून त्या पट्ट्यावरच चाललेला असतो. जमिनीला टेकणारं रबर कमी होतं, वळणात शिरताना पुढचं टोक बाहेर सरकतं आणि ब्रेकिंगचं अंतर वाढतं. हवा फार कमी असली तर मात्र दोन्ही कडा तापतात आणि टायर साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) लोळतो. खडूची रेघ ट्रेडच्या (जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागाच्या) कडेवरून खाली साइडवॉलपर्यंत ओढली तर ती कुठवर पुसली जाते ते बघून हे पाच मिनिटांत कळतं. त्या दिवशी आपल्या टीमकडे ना तापमापक होता ना खडू.

ट्रॅकवर हवा मोजायची योग्य पद्धत अशी : दोन लॅप्स हळूहळू तापवून, तीन जोरात मारून, थंड करणारी लांब लॅप न घेता थेट पिटमध्ये यायचं आणि लगेच चारही टायर वेगवेगळे मोजायचे. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात, म्हणून डाव्या-उजव्यांत थंड असताना एकदोन पीएसआयचा फरक ठेवणं चूक नाही, उलट गरजेचं आहे. आपल्या टीमने चारही बाजू डोळे मिटून एकाच पद्धतीने भरल्या.

सगळ्यांत गंभीर भाग यानंतरचा आहे. तक्रार केल्यावर टीमने चारही टायर गरम असतानाच ३४ वर उतरवले. गाडी त्याच संध्याकाळी महामार्गाने परत निघणार हे त्यांना माहीत होतं. ते टायर थंड झाल्यावर २७ वर आले. मागच्या टायरला ३६ लागतात, म्हणजे ९ पीएसआय, पाव हिस्सा हवाच नाही. प्रेशरचा दिवा लागला तेव्हा आपल्या माणसाने हवा न भरता मेनूमधून 'रीसेट' केलं. त्यामुळे सिस्टीमने २७ हाच बरोबर आकडा म्हणून धरला आणि दिवा विझला. इतक्या कमी हवेवर महामार्गाच्या वेगात साइडवॉल सतत दुमडत राहतो, आत उष्णता साठते आणि टायर फुटू शकतो. रीसेट फक्त थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा भरल्यानंतरच करायचं असतं.

आता आपल्या लेखी खुलाशाबद्दल. 'टायरवर कमाल ५० पीएसआय छापलं आहे, त्यामुळे ४५ चालतं' असं आपण कळवलंत. तो आकडा टायरची मर्यादा सांगतो. कोणत्या गाडीला किती हवेवर पकड मिळेल, हे तो सांगत नाही. 'नायट्रोजन आहे, प्रेशर वाढत नाही' हेही चूक आहे. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि दोन्हींचा दाब सारखाच वाढतो. कोरड्या नायट्रोजनचा मुख्य फायदा हा की त्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी नसतं. त्यासाठी आधीची हवा पूर्ण काढून दोनतीनदा भरणं-सोडणं करावं लागतं. आपल्याकडे जुन्या हवेवरच नायट्रोजन मारून बिल लावलं गेलं.

आणखी एक बाब. आपल्या वर्कशॉपचा डिजिटल गेज त्याच टायरवर, त्याच मिनिटाला, कॅलिब्रेट केलेल्या (अचूकता तपासून घेतलेल्या) गेजपेक्षा २ पीएसआय कमी दाखवतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर असल्यामुळे तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो, म्हणून चेन्नईत त्याच तापमानाला आकडा जवळपास १ पीएसआयने कमी दिसतो, तो फरक वेगळा. ही तुलना मात्र पुण्यातच केलेली आहे.

मागण्या अशा : ट्रॅक पॅकेजची आणि नायट्रोजनची पूर्ण रक्कम परत करावी. मागचे दोन टायर, जे कमी हवेवर महामार्गावर चालले, ते रिममधून काढून आतून तपासावेत. साइडवॉलच्या आत रबराची भुकटी किंवा सुरकुती आढळल्यास आपल्या खर्चाने बदलावेत. गेज कॅलिब्रेट करून त्याची तारीख काउंटरवर लावावी. जॉबकार्डवर प्रत्येक चाकासाठी थंड/गरम, मोजण्याची वेळ आणि हवेचं तापमान असे रकाने घालावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करण्यात येईल. दोन्ही जॉबकार्डं, बिलं, डॅशबोर्डचे फोटो आणि तापमानाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. टायरची तपासणी माझ्यासमोर व्हावी, त्यासाठीची वेळ आधी कळवावी.

कळावे,
गाडीमालक