आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: गरोदरपणात डाग दिसला त्याच दिवशी प्रोजेस्टेरॉनची गोळी मिळू द्या

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

माझे तीन गर्भ आठव्या-नवव्या आठवड्यात गेले. चौथ्यांदा दिवस राहिले आणि सातव्या आठवड्यात तपकिरी डाग दिसला. सकाळीच ओपीडी गाठली. सोनोग्राफीत ठोके होते. डॉक्टरांनी केसपेपरवर दोन शब्द लिहिले: ‘बेड रेस्ट’. माझ्या शेजारी बसलेल्या बाईची पहिलीच खेप होती. तिला ना डाग, ना दुखणं, पण ‘गर्भ टिकायचं इंजेक्शन’ मात्र तिला मिळालं.

हा उलटा न्याय कसा, हे मला पुढे वाचताना कळलं. झोपून राहिल्याने गर्भ टिकतो याला पुरावा नाही. प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गर्भधारणेला आधार देणाऱ्या हार्मोनचा, पुरावा आहे, पण तो सरसकट नाही. वारंवार गर्भपात झालेल्या ८३६ स्त्रियांवरची चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यांना दिवस राहताच औषध सुरू केलं होतं. औषधवाल्या गटात शंभरांतल्या ६६ जणींना मूल झालं, औषध नसलेली, नुसती तशी दिसणारी गोळी घेणाऱ्यांत ६३ जणींना. म्हणजे ठोस फरक नाहीच. मग २०१९ मध्ये ब्रिटनमधली मोठी चाचणी आली. तिच्यातल्या ४,१५३ स्त्रियांना सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव होत होता. एकूण फरक इथेही थोडाच: औषधवाल्या गटात शंभरांतल्या ७५ जणींना मूल झालं, दुसऱ्या गटात ७२ जणींना. पण ज्यांचे आधी तीन किंवा जास्त गर्भपात झाले होते, त्यांच्यात ७२ आणि ५७!

मी नेमकी त्याच रांगेतली होते.

चौथाही गेला. गोळीने तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. कितीतरी गर्भ गुणसूत्रांतल्या दोषामुळे जातात, तिथे कुठलंही हार्मोन काही करू शकत नाही. पण ती संधी मला कुणी दिलीच नाही, ही माझी तक्रार आहे.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये नियम सोपा करून टाकला: आधी एक जरी गर्भपात झालेला असेल, आता रक्तस्राव होत असेल आणि गर्भ गर्भाशयातच असल्याचं सोनोग्राफीत दिसलं, तर योनिमार्गातून ४०० मिलिग्रॅम मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन, दिवसातून दोनदा. ठोके दिसले तर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. तिसऱ्या गर्भपाताची वाट पाहायची नाही. (आणि शेजारच्या बाईला, जिला काहीच होत नव्हतं, टोचायचंही नाही.)

आपण असंच एक पानी परिपत्रक काढावं. आधीच्या गर्भपातांचा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच असावा. मला तो कुणी विचारलाच नाही आणि घाबरलेल्या बाईला स्वतःहून सांगायचं सुचत नाही. शिवाय डाग काही ओपीडीची वेळ बघून दिसत नाहीत, तेव्हा पहिले काही डोस रात्रपाळीच्या कपाटातही ठेवायला सांगा.

आपली,
एक रुग्ण