मंदारचे ५,००० भरू नका

ति. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, नोकरी लावून देणाऱ्या त्या कन्सल्टन्सीने मंदारकडे रजिस्ट्रेशनचे ५,००० मागितलेत, ते भरू नका. त्यांचा धंदा कसा चालतो ते आधी बघा.

खरा कन्सल्टंट कंपनीकडून पैसे घेतो. नेहमीचा दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या सीटीसीचा (कंपनी एका माणसावर करते त्या एकूण खर्चाचा) बारावा हिस्सा. मंदार चाकणला महिना २२,००० सीटीसीवर लागला, तर कन्सल्टंटला कंपनी साधारण २२,००० देते, वर जीएसटी. तेही तो रुजू झाल्यावर. तीन महिन्यांच्या आत पोरगा सोडून गेला, तर बहुतेक करारांत कन्सल्टंटला फुकट दुसरा माणूस द्यावा लागतो. म्हणूनच सुरुवातीला "कसं चाललंय भाऊ?" असे फोन येतात आणि चौथ्या महिन्यात ओळखही उरत नाही. ज्याच्या हातात खरोखर जागा आहे, तो पोराच्या ५,००० साठी कशाला अडून बसेल?

मंदारला कन्सल्टंटचा उपयोग आहे, कारण क्वालिटीतली तीन वर्षं त्याच्या गाठीशी आहेत. नुकत्याच पास झालेल्या पोरासाठी कंपनी सहसा कमिशन मोजत नाही. तिला कॉलेजातून, अप्रेंटिसशिपमधून पोरं मिळतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही हे सांगा.

पण त्याचा आत्ताचा रेझ्युमे चालायचा नाही. "क्वालिटी विभागात काम केले" या ओळीवरून कुणालाच काही कळत नाही. कन्सल्टंट शब्द टाकून शोधतो, तेव्हा ते शब्द कागदावर हवेत: सीएमएमवर (अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर) कोणत्या पार्टचं इन्स्पेक्शन केलं, पीपीएपीची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची) कागदपत्रं केली का, कस्टमर कम्प्लेंटवर ८डी रिपोर्ट (आठ पायऱ्यांत कारण आणि उपाय मांडणारा) लिहिला का, आयएटीएफ ऑडिटला (वाहन उद्योगाच्या क्वालिटी तपासणीला) काय सांभाळलं. जे केलं तेवढंच लिहायचं, इंटरव्ह्यूत ड्रॉइंग पुढ्यात टाकून विचारतात. वर नोटीस पीरियड आणि आत्ताचा पगार. एक पान पुरे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. पोरं पाच-सहा कन्सल्टंटना रेझ्युमे पाठवून मोकळी होतात. मग एकाच कंपनीत एकच नाव दोघांकडून जातं, कमिशन कुणाचं यावरून वाद होतो, आणि एचआर कटकट नको म्हणून पोरालाच बाजूला काढतं. म्हणून प्रत्येकाला आधी विचारायचं: कंपनी कुठली, प्लांट कुठे, आणि कंपनीच्या रोलवर घेणार की कॉन्ट्रॅक्टरच्या? "मला विचारल्याशिवाय रेझ्युमे पुढे पाठवू नका" हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवायचं. कुठल्या कंपनीत कुणामार्फत गेला, ते वहीत तारखेसकट. दोन कन्सल्टंट पुरेत, आणि कंपनीच्या वेबसाइटवरची जागा दिसली तर तिथे स्वतःच अर्ज करायचा.

पगाराच्या बोलणीत कन्सल्टंट आपला माणूस नाही, हेही ध्यानात असू द्या. महिना २,००० जास्त मिळाले तर मंदारला वर्षाला २४,००० चा फरक, कन्सल्टंटला जेमतेम २,००० चा. त्या २,००० साठी तो ठरलेली जागा धोक्यात घालणार नाही; "एवढ्यावर हो म्हण" असंच म्हणेल. त्याच्याकडून इंटरव्ह्यूत काय विचारतात, जागा का रिकामी झाली, कंपनी कुठपर्यंत जाईल एवढं काढून घ्यायचं. आकडा मंदारने आधी ठरवायचा, आणि सीटीसीवर नाही, पीएफ कापून हातात काय येतं त्यावर. कंपनीच्या ईमेलवरून ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. "तोंडी फायनल झालंय" याला काडीची किंमत नाही.

आत्याच्या सुहासचं दुबईचं मात्र वेगळं आहे. परदेशी नोकरीसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून पैसे घेता येतात, पण जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. पावतीसह. एजंटचा नोंदणी नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. लाख-दीड लाख मागत असेल तर तिथूनच परत फिरा.

आई, त्या कन्सल्टन्सीचा पुन्हा फोन आला तर तू एवढंच विचार, "पावतीवर काय लिहून देणार?" आणि मंदारने गूगल पेवर आधीच पाठवले असतील तर आजच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांग, उद्यावर ढकलू नका.

तुमची,
ताई