इन्स्टॉलेशनबद्दल गाण्यासारखं लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत कला प्रदर्शनांवर जे लेख येतात ते मी नेमाने वाचते, फाइन आर्ट्सला शिकतेय म्हणून वाचावे लागतात असं नाही, खरंच आवडीने वाचते. पण एक गोष्ट सारखी खटकते. पेंटिंगबद्दल लिहिताना रंग, पोत, रेषा सगळं मन लावून लिहिलेलं असतं आणि इन्स्टॉलेशन, म्हणजे मांडणशिल्प, ज्याच्या आत शिरून ते अनुभवायचं असतं, ते आलं की एक फोटो आणि खाली कलाकाराला काय सांगायचंय ते दोन वाक्यात, संपलं. आत आवाज कसला होता, किती वेळ थांबल्यावर काय दिसायला लागलं, चालताना काय बदललं, यातलं काहीच नाही. मला मनापासून वाटतं की मांडणशिल्प चित्रापेक्षा गाण्याच्या जास्त जवळचं आहे आणि त्याच्यावर लिहायचं तर गाण्यावर लिहितो तसं लिहायला पाहिजे.

किशोरीताई आमोणकरांचा भूप राग माझा अत्यंत लाडका. पाचच स्वर आहेत, सा रे ग प ध, आणि किशोरीताई गंधारावर, म्हणजे ग वर, परत परत येतात पण दरवेळी तो गंधार निराळा लागतो कारण मधल्या वेळात काहीतरी घडून गेलेलं असतं. याचा अर्थ काय असं तिथे कोणी विचारत नाही, आपण बसून राहतो आणि बसून राहिलो म्हणूनच कळतं. पहिल्याच मिनिटाला बंद करून कोणी भूप ऐकला असं म्हणणार नाही, मग गॅलरीत दारातून डोकावून मोबाइलवर फोटो काढला की बघून झालं असं कसं म्हणता येईल?

जॅनेट कार्डिफ या कॅनेडियन कलाकाराचं २००१ सालचं काम घ्या, द फोर्टी पार्ट मोटेट. थॉमस टॅलिस या १६व्या शतकातल्या संगीतकाराची ४० वेगवेगळ्या आवाजांसाठी रचलेली एक रचना आहे, कार्डिफने ती गाऊन घेताना प्रत्येकाचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला आणि ४० स्पीकर स्टँडवर लंबगोलात उभे केले, एका स्पीकरमधून एकच गळा. मधोमध उभं राहिलं की सगळं एकत्र अंगावर येतं, आणि एका स्पीकरला कान लावला की फक्त एक माणूस, त्याचा श्वाससुद्धा. सुमारे ११ मिनिटं गाणं आणि मग ३ मिनिटं मध्यंतर, त्यात गाणारे गप्पा मारताना, घसा खाकरताना ऐकू येतात. आता याचा फोटो छापला तर काय दिसणार, रिकाम्या खोलीत काळे डबे. मी ते रेकॉर्डिंगवरच ऐकलंय आणि तरी सांगते की कुठे उभं राहायचं हे ऐकणाऱ्याने ठरवायचं ही गोष्ट माझ्यासाठी फार मोठी आहे, एरवी ते गाणाऱ्यांच्या आणि स्पीकर लावणाऱ्यांच्याच हातात असतं.

आणि हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. तंबोरा नीट जुळलेला असेल, जवारी (घोडीवर तारेखाली दोरा सरकवून साधलेला झंकार) बरोबर लागलेली असेल तर कोणी न छेडलेला गंधार खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून आपोआप ऐकू येतो, म्हणजे तंबोरा नुसती साथ करत नाही, तो खोली तयार करतो आणि गाणारा त्या खोलीत गातो. अमेरिकन संगीतकार ला माँट यंग आणि त्यांची कलाकार पत्नी मेरियन झझीला १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकत होते, आणि त्यांचं न्यूयॉर्कमधलं ड्रीम हाउस, जे आताच्या जागेत १९९३ पासून आहे, त्यात जांभळ्या-गुलाबी प्रकाशात एकाच जागी ठरलेले स्वर अखंड चालू असतात, तुम्ही नुसती मान वळवली तरी दुसरंच काहीतरी ऐकू येतं. तंबोऱ्याजवळ ज्याने शांत बसून ऐकलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मी स्वतः कॉलेजमध्ये लांब कापडं टांगून त्यामागे तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. कापड वरचे बारीक स्वर खाऊन टाकतं, खर्ज मात्र त्याला जुमानत नाही, तो कोपऱ्यात जाऊन साठतो, त्यामुळे चालत गेलं की मधे आवाज मऊ आणि कोपऱ्यात एकदम छातीत घुमणारा. आवाज बंद असताना मुलं आरपार निघून जायची, चालू असताना त्यांचा वेग कमी व्हायचा आणि कोपऱ्याशी जाऊन उभी राहायची. कुठलाही बोर्ड लावलेला नव्हता.

आवाज नसलेल्या कामांनाही हे लागू होतं बरं का. ओलाफुर एलियासन या कलाकाराने २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या हॉलमध्ये पिवळा सूर्य, धुकं आणि छताला आरसा लावला तेव्हा लोक सरळ जमिनीवर आडवे होऊन वर स्वतःला बघत पडून राहिले. तिथेही खरं काम वेळ करत होता.

हे लिहिताना मी सगळ्या इन्स्टॉलेशनची वकिली करत नाहीये. खूप ठिकाणी नुसता मूड यावा म्हणून कसलंतरी गूढ संगीत लॅपटॉपवरून सोडलेलं असतं, ते काढून टाकलं तरी कामात काडीचा फरक पडत नाही, अशा कामांवर कडक लिहिलंच पाहिजे. शिल्पा गुप्ता यांच्या कामात १०० माइक उलटे जोडून त्यांचेच स्पीकर केलेत, खाली सळ्यांवर टोचलेल्या कागदांवर तुरुंगात टाकलेल्या कवींच्या ओळी, एक आवाज ओळ म्हणतो आणि बाकीचे ९९ ती उचलतात. तिथला आवाज काढला तर कामच उरत नाही. हा फरक समीक्षकाने वाचकाला सांगायला हवा, आणि तो फोटोवरून कळणारच नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी इन्स्टॉलेशनवर लेख येईल तेव्हा लिहिणाऱ्याने आत निदान एक पूर्ण आवर्तन थांबावं, किती वेळ थांबलो आणि कानाला काय मिळालं ते लिहावं, आणि जमलं तर एखाद्या वेळी संगीतावर लिहिणाऱ्यालाच तिथे पाठवून बघा. मी तो लेख सगळ्यात आधी वाचेन.

आपली वाचक,
एक कला विद्यार्थिनी