खिंडीतल्या घराची चौकशी करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

काल्पनिक देशांच्या नकाशांची स्पर्धा संपली, निकालही लागला. माझ्या डोक्यात मात्र तुमचा अभिप्राय अजून घोळतोय. तो वाचताना डोळे भरून आले होते. तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

याआधीही मी नकाशे दाखवलेत. जाणते म्हणवणाऱ्या एका परीक्षकांनी कागद हातातही न घेता 'पोरखेळ आहे' म्हणून टाकलं. बाकीचे 'मस्त', 'भारी' म्हणत पुढे सरकले. नुसत्या 'भारी'वरून पुढचा नकाशा कसा सुधारायचा? कुणी रात्र रात्र जागून बारीक पेनाने एकेक डोंगर उभा केलेला असतो. त्याकडे दोन मिनिटं नीट बघायला काय लागतं?

तुम्ही बघितलंत. स्वतःचा नकाशा त्याच स्पर्धेत असताना बघितलंत, आणि एकट्या माझाच नाही, सगळ्यांचे. मला तर तुम्ही फक्त विचारलंत, 'तुमच्याकडे पाऊस कुठल्या बाजूने येतो?' आणि साताऱ्याचा दाखला दिलात. जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास, कारण ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. मग समुद्राकडच्या अंगाला दाट रान आणि पलीकडे उघडा माळ, हे ओघानेच आलं. त्या एका प्रश्नाने माझी जंगलं, ओढे, गावं आपापल्या जागी जाऊन बसली.

पण खरं मन भरलं ते तुमच्या शेवटच्या ओळीने. खिंडीच्या तोंडाशी मी तांदळाच्या दाण्याएवढं एक घर काढलं होतं. त्याला नाव दिलं नव्हतं, ते कुणाला दिसेल असंही वाटलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत, 'त्या घरात कोण राहतं? थंडीत त्यांना सरपण मिळतं का?'

ताई, माझा नकाशा बऱ्याच जणांनी वरवर पाहिला होता. त्या घरापर्यंत चढून जाऊन आतल्या माणसांची विचारपूस करणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

दुसऱ्याचं काम आपल्यापेक्षा सरस झालं तरी चालेल, पण चांगलं व्हावं, असं वाटणारी माणसं विरळा. अशा माणसांमुळेच नवखे लोक या छंदात टिकतात. एका मुलीला तुम्ही नदीचं नाव नदीच्याच वळणाने लिहायला सांगितलंत, ते मीही टिपून घेतलंय.

तर, त्या घरात एक आजी आणि तिचा नातू राहतात. मिठाचे तांडे खिंड ओलांडतात, त्यांना ती भाकरी घालते. सरपण खालच्या रानातून येतं. ते रान आता पावसाच्या बाजूला आहे.

आणि एक विचारू? तुमच्या बेटावर बंदर आहे, देऊळ आहे, पण ओढा किंवा विहीर कुठे दिसली नाही. तिथली माणसं गोडं पाणी कुठून आणतात?

आपला,
एक सहस्पर्धक