रविवारी सकाळी ७ ला गल्लीत भेटायचंय, सगळ्यांनी या

मंडळी, पुन्हा आठवण करून देतोय. मनपाच्या नागरिकांच्या अंदाजपत्रकात आपल्या रस्त्याचं काम सुचवायचंय, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात द्यायचाय आणि त्याआधी रस्ता एकदा सगळ्यांनी मिळून चालत बघायचाय. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे तरी आपल्या सोसायटीतून आजवर एकही फॉर्म गेलेला नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

मुख्य मागणी सायकल ट्रॅकची. नुसता पांढरा पट्टा मारून चालणार नाही हो, त्यावर दुसऱ्या दिवशी गाड्या लागतात, मधे उंच दुभाजक किंवा बोलार्ड (गाडी आत येऊ नये म्हणून रोवलेले बुटके खांब) हवेतच. आत्ता शाळेच्या कोपऱ्यावर जो थोडासा ट्रॅक आहे तो विजेच्या डीपीच्या खांबापाशी संपतो, पोरं तिथे सायकल उचलून रस्त्यावर उतरवतात आणि मागून पीएमपीची बस येत असते, परवा माझ्या मुलीचं हँडल बसला घासता घासता राहिलं.

दुसरं म्हणजे स्पीडब्रेकर. आपल्याकडचा उखळासारखा उंच आहे, आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) नियमात १० सेंमी उंची आणि ३.७ मीटर रुंदी सांगितलीय म्हणजे गाडी हळू होते पण सायकलवाला आपटत नाही, तसा मागूया.

मोजायची टेप, खडू आणि मोबाईल चार्ज करून आणा. ज्येष्ठांनी जरूर यावं, क्रॉसिंगला किती वेळ लागतो ते त्यांच्यासोबत चालूनच मोजायचंय. येणाऱ्यांनी आज रात्रीपर्यंत नाव टाका.